न दाखवलेला कागद

सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात एका आईने मला विचारले होते, "वकीलबाब, तो समोरचा सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच ना?" पुकारा झाला होता. मी "होय" म्हटले आणि आत गेलो. फौजदारी वकिलीत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि बहुतेक वेळा मी हेच उत्तर देऊन मोकळा झालो आहे. कायद्याने पाहिले तर ते साफ चूक आहे. वाईट याचे वाटते, की कोर्टात रोज जे दिसते त्याच्याशी ते तंतोतंत जुळते.

त्या बाईंचा मुलगा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वय २४. गुन्हा जबरी चोरीचा, त्यात एका म्हाताऱ्या माणसाचे डोके फुटलेले, म्हणून जामीन नाही. रवानगी कोलवाळच्या तुरुंगात. घटनेच्या वेळी आपण स्कूटरला पेट्रोल घालत होतो, असे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. मी पंपावर जाऊन विचारले तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, पोलीस येऊन डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारे यंत्र, काढून घेऊन गेले, कागदावर सह्याही घेतल्या. आरोपपत्राची पाने दोनशेच्या वर, पण त्यांत तो पंचनामा नव्हता आणि डीव्हीआरचा उल्लेखही नव्हता. मी अर्ज दिला. सरकारी वकिलांनी लेखी म्हणणे दाखल केले: अभियोग पक्ष या वस्तूवर विसंबून नाही, सबब ती आरोपीला देण्याचे बंधन नाही. अर्ज फेटाळला गेला. पुढे १४ महिन्यांनी तपास अधिकारी साक्षीला उभे राहिले. उलटतपासणीत त्यांना डीव्हीआर ताब्यात घेतल्याचे कबूल करावे लागले आणि न्यायाधीशांनी तो मागवला. मुद्देमालाच्या खोलीत तो तसाच पडून होता. चित्रणात पोरगा स्कूटरची सीट उचलून उभा होता, घटनास्थळापासून २० किलोमीटरवर.

तो सुटला. १८ महिने आत काढून सुटला. निकालानंतर सरकारी वकील मला म्हणाले, "ते फुटेज मी कधी पाहिलेच नव्हते." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते आणि त्या पोराशी त्यांचे काही वैरही नव्हते. पोलिसांनी जे बांधून दिले ते त्यांनी उघडले, जे दिले नाही ते मागितले नाही. पण माझा अर्ज हातात पडल्यावर एका फोनने तो डीव्हीआर त्यांच्या टेबलावर आला असता. आरोपी निरपराध असल्याची शक्यता ज्या वस्तूत दडली होती, ती न पाहताच ती देऊ नये असे त्यांनी सही करून सांगितले. माझ्या लेखी गैरवर्तन ते हेच. सरकारी वकिलाचे गैरवर्तन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लाच येते, पढवलेला साक्षीदार येतो. तसेही घडते. परंतु निरपराध माणसाला शिक्षेपर्यंत नेणारी वाट बहुधा न पाहिलेल्या किंवा न दाखवलेल्या कागदावरून जाते.

अमेरिकेत चुकीच्या शिक्षा रद्द होऊन सुटलेल्यांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. त्या नोंदीतल्या पहिल्या २,४०० प्रकरणांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ५४ टक्के प्रकरणांत पोलीस, सरकारी वकील किंवा अन्य सरकारी माणसांचे गैरवर्तन आढळले, आणि ४४ टक्क्यांत आरोपीच्या बाजूचा पुरावा लपवलेला होता. आपल्याकडे अशी सरकारी नोंदच नाही. सुटणाऱ्यांची आपण मोजदाद करतो, पण आधी शिक्षा होऊन वर्षांनी निरपराध ठरलेल्यांना स्वतंत्र रकाना नाही. जे मोजलेच जात नाही त्याची लाजही कोणाला वाटत नाही.

शेजारच्या महाराष्ट्रातले एक प्रकरण प्रत्येक सरकारी वकिलाने नेमणुकीच्या दिवशी वाचावे असे मला वाटते. जून २००३, नाशिक जिल्हा. शेतातल्या झोपडीवर रात्री हल्ला झाला, पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. ऐकवत नाही असा गुन्हा. भटक्या समाजातले सहा मजूर पकडले गेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सगळ्यांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर निघाले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल बाजूला ठेवून सहाही जणांना निर्दोष सोडले. तोपर्यंत १६ वर्षे गेली होती, त्यांतली बरीचशी दोराच्या सावलीत.

मधल्या काळात नवे असे काय उगवले? काहीच नाही. जे महत्त्वाचे होते ते घटनेनंतर दोन दिवसांतच कागदावर आले होते. हल्ल्यातून बचावलेल्या महिलेने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार माणसे ओळखली होती आणि तसा जबाबही नोंदला गेला होता. ते चार या सहांपैकी नव्हते. तो जबाब खटल्यात पुढे आणला गेला नाही आणि त्या चौघांचा माग कोणी काढला नाही. तपासही निःपक्ष नव्हता, खटलाही निःपक्ष नव्हता, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला लावले आणि चुकार अधिकाऱ्यांना शोधून कारवाई करण्याचा आदेश दिला. मला त्या निकालाचा विचार करताना एकच गोष्ट छळते. तीन न्यायालयांत, सहा वर्षे, सरकारच्या बाजूने कितीतरी वकील उभे राहिले असतील. त्यांतल्या एकाने तरी पोलिसांची मूळ फाइल पहिल्या पानापासून चाळली असती, तर?

सरकारी वकिलाने काय करायचे हे कायदा संदिग्ध ठेवत नाही. शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की काहीही करून शिक्षा मिळवण्याची तहान सरकारी वकिलाला असता कामा नये. आरोपीला कायद्याने मिळणारा फायदा त्याने दडवायचा नाहीच, उलट बचावाच्या वकिलाच्या नजरेतून तो सुटला असेल तर स्वतः होऊन न्यायालयासमोर ठेवायचा. आमच्या देवळांत कौल लावतात: मूर्तीला चिकटवलेली कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते, त्यावरून देवाचे उत्तर ठरते. मूर्तीला पाकळ्या चिकटवणाऱ्या पुजाऱ्याने एका बाजूच्या पाकळ्यांना मुद्दाम जास्त पाणी लावले असे गावाला कळले, तर दुसऱ्या दिवशी त्याला गाभाऱ्यात पाय ठेवू देणार नाहीत. कौल काय यावा यात त्याचा स्वार्थ नसावा, ही पहिली अट. सरकारी वकिलाचे स्थान तेच आहे.

मग तरीही पुरावा का दडवला जातो? माझे उत्तर असे, की आपण त्याच्या हातात मापच चुकीचे दिले आहे.

२०१४ साली गुजरातमधल्या किशनभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर तपासात आणि खटला चालवण्यात कुठे चूक झाली ते तपासा आणि जबाबदारी निश्चित करा. हेतू चांगला होता. ढिसाळ तपासामुळे खरे गुन्हेगार सुटतात, हे खरेच आहे. त्या निकालाने निरपराध माणसावर खटला लादल्याबद्दलही चिंता व्यक्त केली होती. पण कचेरीपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा अर्थ एवढाच उरला: आरोपी सुटला की खुलासा द्यावा लागतो. शिक्षा झाली आणि वरच्या न्यायालयात ती टिकली नाही, तर खालच्या कोर्टातल्या सरकारी वकिलाला कोण विचारते, त्या दिवशी तुम्ही काय दाखवले नाही म्हणून? तोवर त्याची बढती झालेली असते.

त्यात आता लक्ष्याची भर पडली आहे. मार्च २०२५ मध्ये नव्या फौजदारी कायद्यांच्या अंमलबजावणीचा गोव्यापुरता आढावा केंद्रीय गृहमंत्र्यांनी घेतला, तेव्हा सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत दोषसिद्धीचे प्रमाण ९० टक्क्यांवर न्यावे, असे सांगण्यात आले. बातमी वाचून अनेकांना बरे वाटले असेल. मला त्या पोराचा खटला आठवला. ९० टक्क्यांचे लक्ष्य डोक्यावर असलेला सरकारी वकील तो डीव्हीआर मागवून पाहील का? प्रमाण दोन प्रकारे वाढते. एक, कच्चे खटले कोर्टात नेऊच नयेत, पुरावा तपासून पोलिसांना परत पाठवावा. यासाठी सरकारी वकिलाला पोलिसांना "नाही" म्हणता आले पाहिजे. दुसरा प्रकार सोपा आहे: आरोपीच्या उपयोगी पडेल ते बाहेर ठेवावे.

जपानमध्ये दोषसिद्धीचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर असते. त्याच देशात इवाओ हाकामाता या माजी मुष्टियोद्ध्याला १९६६ मध्ये अटक झाली, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, आणि निर्दोष ठरायला २६ सप्टेंबर २०२४ उजाडले. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता आणि कोठडीतल्या दशकांनी त्याचे मन पार खचवून टाकले होते. ज्या रक्ताळलेल्या कपड्यांवर शिक्षा उभी होती, ते तपास करणाऱ्यांनीच बनवलेला पुरावा होता, असे न्यायालयाने म्हटले. त्या कपड्यांचे रंगीत फोटो आणि इतर शेकडो गोष्टी अभियोग पक्षाने अनेक दशके बचावाला दिल्याच नव्हत्या. ९९ टक्क्यांच्या आत काय दडलेले असू शकते ते असे.

पुरावा न दाखवता माणसाला दोषी ठरवणे म्हणजे काय, हे गोव्याला कोणी नव्याने शिकवायला नको. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचे, न्यायासन इथे चालले. साक्ष कोणी दिली ते आरोपीला सांगत नसत. सतराव्या शतकात त्या कोठडीत राहिलेल्या डेलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवले आहे, की तुझा गुन्हा काय तो तूच आठव आणि कबूल कर, असे सांगितले जाई. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लष्करी न्यायाधिकरण आले. त्या काळात, सांगलीहून येऊन इथे मराठी शिकवणाऱ्या मुक्तिसैनिक मोहन रानड्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ मध्ये ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. आजच्या न्यायालयांची त्यांच्याशी तुलना मी करत नाही, ती अन्यायाची होईल. पण ज्या भूमीत आजे-पणजे असे भोगून गेले, तिथे तरी 'आम्ही त्यावर विसंबून नाही' या एका ओळीखाली कागद झाकला जाऊ नये, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे का?

ती ओळ आता कायद्यातही टिकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांच्या नियमांचा मसुदा मान्य करून सर्व उच्च न्यायालयांना तो स्वीकारायला सांगितले. मसुद्यातला एक नियम असा, की आरोपपत्रासोबत जे जबाब, दस्तऐवज आणि वस्तू दिल्या जातात, त्यांच्याबरोबरच तपासात मिळालेल्या पण न वापरलेल्या सगळ्यांची यादीही आरोपीला द्यायची. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात न्यायालयाने हे सगळ्या फौजदारी खटल्यांना लागू असल्याचे सांगितले आणि पाळले जाते की नाही ते पाहण्याची जबाबदारी खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांवर टाकली. एक पान, फार तर दोन. माझ्या हाती येणाऱ्या आरोपपत्रांत ते पान मला अपवादानेच दिसते. मागितले की तारीख पडते.

सरकारी वकिलांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती हलकी नाही. सकाळी दहाला फाइल हातात येते, साडेदहाला साक्षीदार उभा राहतो. टंकलेखक नाही, सहायक नाही. अभियोग संचालनालय आहे, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ते गृह खात्याच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली ठेवले आहे. पोलीसही त्याच खात्याचे. तपासातली खोट बाहेर काढणारा आणि खोट ठेवणारा, दोघांच्या बदल्यांचे कागद एकाच दारातून जातात. अशा जागी बसून तपास अधिकाऱ्याला "हे फुटेज कुठे आहे?" विचारायला धैर्य लागते, आणि ते धैर्य दाखवणारे सरकारी वकील मी पाहिलेले आहेत. एकाने माझ्या अशिलाविरुद्धचा खटला मागे घेण्याचा अर्ज स्वतः लिहिला होता. त्यांचे नाव कोणत्या अहवालात आले नाही.

अमली पदार्थांच्या खटल्यांत हे धैर्य सर्वाधिक लागते, कारण तिथे कायदाच आरोपीच्या विरोधात झुकलेला आहे. माल ताब्यात सापडला की गुन्हेगारी हेतू गृहीत धरतात, व्यापारी प्रमाण असेल तर किमान दहा वर्षे आणि जामीन जवळपास अशक्य. सगळा खटला एका पंचनाम्यावर, दोन पंचांवर आणि प्रयोगशाळेच्या एका अहवालावर उभा. २०१० साली गोव्याच्या अमली पदार्थविरोधी पथकातल्याच पोलिसांना ड्रग विकणाऱ्यांशी साटेलोटे असल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. अशी वेळ येते तेव्हा सरकारी वकिलाचे काम काय? त्या हातांनी केलेल्या पंचनाम्यांवर झालेल्या जुन्या शिक्षा शोधून काढणे, आणि आरोपीने मागायच्या आत ते न्यायालयाला सांगणे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्रयोगशाळेतल्या एका रसायनतज्ज्ञ बाईने नमुने न तपासताच अहवाल दिल्याचे उघड झाले, तेव्हा २०१७ साली २१ हजारांहून अधिक खटले रद्द झाले. सरकारी वकिलांनी आधी टाळाटाळ केली होतीच, वर्षानुवर्षे. तरी शेवटी यादी झाली.

भाषेचाही एक मुद्दा आहे, त्यावर फार बोलले जात नाही. गोव्यात साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते. एका बाईने ओळख पटवताना "तसोच दिसतालो" म्हटले. म्हणजे तसाच दिसत होता. कागदावर उतरले ते 'मी आरोपीला ओळखले'. मी हरकत घेतली, दुरुस्ती झाली. त्या क्षणी सरकारी वकील खाली मान घालून टिपणे काढत होते. त्यांची मातृभाषा कोकणीच. फरक त्यांना माझ्याआधी कळला असणार. गप्प राहणे हा कोणत्याही कलमाखाली गुन्हा नाही, पण असे दोन-तीनदा गप्प राहण्यावर जन्मठेप उभी राहते.

आणि बळी पडलेल्यांचे काय, असे मला नेहमी विचारले जाते. डोके फुटलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते तो माझ्याच बाजूने बोलतो. टेक्सासमधल्या मायकल मॉर्टनला १९८७ साली पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. त्याच्या तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितले होते, की मारणारा बाबा नव्हता. शेजाऱ्यांनी घरामागे एक अनोळखी गाडी पाहिली होती. सरकारी वकिलाने हे बचावाला दिले नाही. मॉर्टन जवळजवळ २५ वर्षे आत होता. २०११ मध्ये डीएनए चाचणीने तो सुटला आणि खरा खुनी सापडला. मॉर्टन आत गेल्यानंतर, १९८८ च्या जानेवारीत, त्याच माणसाने आणखी एका स्त्रीचा जीव घेतला होता. दरम्यान न्यायाधीश झालेल्या त्या सरकारी वकिलाला २०१३ मध्ये दहा दिवसांची कैद झाली आणि वकिलीची सनद सोडावी लागली. दहा दिवस म्हणजे काहीच नाही. तरी तेवढे तरी झाले, आणि टेक्सासने त्याच वर्षी पुरावा उघड करण्याचा कायदा केला. आमच्या म्हाताऱ्याला मारणारा आजही सापडलेला नाही. पोलिसांनी दुसऱ्या कोणाला शोधलेच नव्हते, गुन्हेगार 'मिळाला' होता ना.

विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७७ व्या अहवालात अन्यायकारक खटल्यांना सामोरे गेलेल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला. तो कायदा झालेला नाही. नव्या संहितेत, जुन्याप्रमाणेच, विनाकारण अटक झालेल्याला देण्याच्या भरपाईची कमाल मर्यादा आहे १,००० रुपये. सत्तरीतल्या पोराची कारखान्यातली नोकरी गेली, आईने कोर्टाच्या फेऱ्यांसाठी गळ्यातले मोडले. नुसते वाळपईहून येण्याजाण्याचे भाडेच हजारांच्या वर गेले असेल.

गोव्यात सुरुवात करणे कठीण नाही, आपली न्यायालये हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी आहेत. आरोपपत्र दाखल होण्याआधी सरकारी वकिलाने ठाण्याचे मुद्देमाल रजिस्टर आणि केस डायरी स्वतः पाहिली आणि न वापरलेल्या गोष्टींची यादी पूर्ण आहे, एवढे त्याने सहीनिशी लिहून द्यावे. सही करायची म्हटल्यावर माणूस बघतो. पर्वरीला उच्च न्यायालयात एखादी शिक्षा रद्द झाली, की निर्दोष सुटकेची होते तशीच तिचीही चौकशी व्हावी, आणि ती गृह खात्याबाहेरच्या, निवृत्त न्यायाधीशासारख्या माणसाने करावी. संचालनालय गृह खात्यातून काढणे हे काम मोठे आहे, ते दिल्लीत व्हायला हवे. पण सहीला दिल्ली लागत नाही. संचालकांचे एक परिपत्रक पुरते.

परिपत्रक येईपर्यंत आम्ही अर्ज देत राहू. या आठवड्यात माझ्याकडे दोन नवी आरोपपत्रे आली आहेत, एक जबरी चोरीचे आणि एक चरसचे. दोन्हींत यादी नाही. चरसच्या प्रकरणात पंचनामा रात्री सव्वाअकराचा आहे, जागा एका हॉटेलच्या दारातली, आणि त्या दारावर कॅमेरा आहे, मी जाऊन पाहून आलो. सोमवारी अर्ज देतो आहे.